प्लायची मोठी मत्स्यटाकी: आतून शेततळ्याचा कागद की इपॉक्सी?

चार फुटांपर्यंतची टाकी हवी असेल तर प्लायच्या भानगडीत पडू नका, सरळ काचेची घ्या. सुतारकाम, रंगकाम आणि घरच्यांची बोलणी धरली तर तीच स्वस्त पडते. प्लायचा हिशेब जुळतो तो सहा-सात फुटांच्या पुढे, कारण काचेच्या टाकीला पाच जाड काचा लागतात आणि इथे एकीवर भागतं. माझी टाकी आठ बाय दोन बाय दोन. हे माप शीट बघून ठरलं. ८ बाय ४ च्या एका शीटमधून ८ बाय २ च्या दोन पट्ट्या निघतात. म्हणजे दोन शीटच्या चार. तळ, पाठ आणि पुढची बाजू अशा तीन, चौथीतून दोन्ही कडेचे चौकोन, आणि उरलेल्या चार फुटांतून वरच्या आडव्या पट्ट्या. वाया जातो तो करवतीचा भुसा. कागदावर हे ९०० लिटर होतं. प्लायची जाडी आणि वरची रिकामी बोटं वजा केली की पाणी मावतं साधारण ७३० लिटर. तरी पाऊण टन झालाच, त्यामुळे तळमजला नसेल तर पुढचं वाचायच्या आधी इंजिनिअरला विचारा.

प्लाय कुठला घ्यायचा यावर फारसा वाद नाही. आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का आणि १९ मिलिमीटर जाडी. फक्त त्या शिक्क्यावर भुलू नका. उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासतात ती थरांमधली चिकटाई. लाकूड पाणी पिणार नाही, असं वचन त्यात नाही. कापलेली कड तर बिस्किटासारखी पाणी ओढते. म्हणून खरा प्रश्न आतल्या अस्तराचा, आणि पैसेही तिथेच जातात.

माझ्या दोन टाक्या झाल्या. पहिलीत शेततळ्याचा कागद होता, म्हणजे तळ्यात अंथरतात ते जाड प्लॅस्टिक. दुसरीत इपॉक्सी आहे: रेझिन आणि हार्डनर कालवून रंगासारखं लावायचं, वाळून कडक होतं ते.

कागदाची कल्पना मेहुण्याची. त्याचं निफाडकडे शेततळं आहे, अस्तराचा ५०० मायक्रॉनचा तुकडा गोठ्यामागे पडून होता. फुकटातलं फुकट. विकत घेतला असता तरी इपॉक्सीला पुढे जे लागले त्याच्या पाचव्या हिश्शातही बसला असता. आत अंथरायचा, काठावरून बाहेर दुमडायचा, वरून पट्टी ठोकायची. ना मोजमाप, ना वास, ना वाळायची वाट. एका रविवारात काम संपलं, आणि मला वाटलं की जगाला उगाच एवढं अवघड वाटतं.

पहिली कुरबुर कोपऱ्यांची. हा कागद ताठ असतो. पुस्तकाला कव्हर घालताना करतो तशी घडी कोपऱ्यात करावी लागते, आणि ती घडी कधीच पुरती बसत नाही. शेततळ्यावर जोड वितळवून चिकटवतात ते यंत्र दोन फुटांच्या पेटीत घालायला जागाच नसते. घडीच्या मागे माशांचं खाणं जातं, कुजतं. पण याच्याशी जमवून घेता येतं. आठवड्याला एकदा पाइप घालून ओढून घ्यायचं.

जमवून घेता आलं नाही ते पुढच्या काचेशी. पुढच्या प्लायमध्ये खिडकी कापतात आणि काच तिला आतून लागते, म्हणजे पाण्याचा दाब तिला चौकटीवरच ढकलतो. आमच्या मापाला समोरच्या बाजूवर तो सुमारे ३४० किलो भरतो. हा दाब आपल्या बाजूने आहे, सिलिकॉनवर त्याचा फारसा ताण येत नाही. पण कागदाच्या टाकीत काच आणि प्लायच्या मध्ये कागद येतो, आणि सिलिकॉन काचेला जितकं घट्ट धरतं तितकं या प्लॅस्टिकला धरत नाही. वाळलेली कड नखाने उचलली तर साय निघावी तशी अख्खी निघते. हे मला टाकी भरल्यावर कळलं.

भरल्यानंतर नवव्या दिवशी डाव्या मागच्या पायाशी फरशी ओली दिसली. मी खाली रद्दी अंथरली आणि प्रत्येक थेंबाभोवती पेन्सिलीने गोल काढून वेळ लिहायला लागलो. रात्री दहा दहा, दहा बावीस, दहा पस्तीस. बायको म्हणाली, पेशंटचा चार्ट लावल्यासारखं चाललंय. डावा मागचा कोपरा रिकामा केला, घडी सोडून पुन्हा केली, भरली. थेंब तिथेच. तळाशी भोक असेल म्हणून तिथला कागद तपासला. काही नाही. तीन आठवडे आणि अंदाजे दोन हजार लिटर पाणी बागेत गेल्यावर मेहुणा आला. दोन मिनिटं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, पाणी इथून जातच नाही. इथे नुसतं बाहेर पडतंय."

पाणी झिरपत होतं उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यात, काचेच्या खालच्या कडेला. तिथून ते कागद आणि प्लायच्या मधून आठ फूट वाहत जायचं आणि जिथे फरशीला उतार होता तिथे टपकायचं. कागद काढला तेव्हा तळाचा प्लाय उजवीकडे फुगलेला होता आणि बोट दाबलं की पापुद्रे सुटत होते.

माझा निकाल याच गोष्टीवर लागला. गळती कुठल्याही टाकीला होते. पण कागद ती लपवतो. थेंब दिसतो तेव्हा लाकूड आधीच भिजलेलं असतं, आणि थेंबाची जागा खोटी असते. इपॉक्सी प्लायला चिकटलेलं असतं, मागे पाण्याला वाट नसते. दुसऱ्या टाकीला एकदा पाझर फुटला तो कोपऱ्यातल्या टाचणीएवढ्या छिद्रातून, आणि बाहेर ओलं दिसलं ते बरोबर त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर. पाणी उतरवलं, कोरडं होऊ दिलं, पॉलिश पेपर मारला, इपॉक्सीचे दोन हात दिले. आठवड्यात विषय संपला.

म्हणून इपॉक्सी सोपं आहे असं मात्र कोणी समजू नये. माझा पहिलाच हात चुकला, कारण मी तो ऑगस्टात दिला. हवेत ओल असली की वाळताना वर मेणासारखा निसरडा थर येतो. तो कोमट पाण्याने धुऊन आणि घासून काढल्याशिवाय दुसरा हात धरत नाही, आणि मी न धुता दिलेला दुसरा हात पुढे सालपटासारखा उचलला. उन्हाळ्यात उलटी गंमत: खोल मगात अर्धा किलो कालवलं तर मग हातात धरवेना, वर धूर यायला लागला. परातीत पसरून ठेवलं तर जरा वेळ मिळतो. माझ्या मते नाशिककडे फेब्रुवारीची सकाळ सगळ्यात बरी. कोकणातल्यांनी पावसाळ्याचं नावच काढू नये.

रेझिन-हार्डनर डोळ्यांनी मापू नका, काट्यावर मोजा. सॉल्व्हंट नसलेलं, पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना चालतं ते मागा. आणि एक गोष्ट टाळू नका: नुसतं इपॉक्सी कडक असतं, प्लाय जरा हलला की कोपऱ्यात तडकतं. कोपऱ्यात आधी रेझिनमध्ये बारीक भुसा मिसळून पुट्टीसारखी गोलाई भरायची, त्यावर काचेच्या कापडाची पट्टी रेझिनमध्ये भिजवून बसवायची, मग सगळीकडे तीन हात. दुसऱ्या हातात थोडा रंग घातला तर कुठे राहिलं ते दिसतं. शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर वाळू द्यायचं, मग भरून दोनदा ओतून टाकायचं. काच बसते तेवढी चौकट खरखरीत करून घेतली की सिलिकॉन छान धरतं. सिलिकॉन मात्र बुरशीनाशक घातलेलं नको. बाथरूमचं म्हणून मिळतं ते बहुधा तसंच असतं.

तिसरा पर्याय म्हणून बरेच जण फायबर सुचवतात, म्हणजे पॉलिस्टर रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट. ओळखीचा फायबरवाला असेल आणि काम अंगणात होणार असेल तर वाईट नाही, इपॉक्सीपेक्षा स्वस्तही पडतं. पण त्या रेझिनचा वास घरात कित्येक दिवस बसतो आणि लाकडावरची पकड इपॉक्सीइतकी नसते असं माझं मत झालंय. मी ते केलेलं नाही, तेव्हा जास्त बोलत नाही.

कागद अगदीच टाकाऊ आहे असं म्हणणं मात्र अन्याय होईल. तुम्हाला पुढची काचच नको असेल, अंगणात वरून बघायचा कोई माशांचा हौद करायचा असेल, तर माझा सगळा त्रास तुमच्या वाट्याला येतच नाही. भोक नाही, काच नाही, सिलिकॉन नाही. तिथे इपॉक्सीवर पैसे घालणं मला तरी उधळपट्टी वाटेल. भाड्याच्या घरातही कागदच बरा, सोडवून गुंडाळून नेता येतो. पण बैठकीत ठेवून समोरून ऑस्कर मासे बघायचे असतील, आणि प्लायचे पैसे दुसऱ्यांदा घालायची तयारी नसेल, तर कागदात वाचलेले पैसे वाचलेले नसतात. माझे दोन्ही गेले.

काच तेवढी वाचली. १२ मिलिमीटरची, पहिल्या टाकीतली तीच दुसरीत बसवली. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण जुन्यावर नवं नीट धरत नाही. कागद मेहुण्याने परत नेला. आता तो त्याच्या कांद्याच्या चाळीवर आहे, आणि तिथे म्हणे एक थेंब गळत नाही.