पाना हातात होता, तरी

मे महिन्यात सोलापुरात संध्याकाळी सहा वाजता कुठल्याही लोखंडाला हात लावा, ते तापलेलंच असतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझे सव्वा लाख रुपये त्या तापलेल्या लोखंडापायीच गेले.

मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत एकतीस वर्षं काढली. शेडच्या दारात उभा राहून, आवाजावरून कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय ते सांगायचो. लोक मला अजून 'जॉबरमामा' म्हणूनच हाक मारतात, आणि मला ते आवडतं. फसवणाऱ्याला माझ्याबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत असणं पुरेसं होतं.

दक्षिण सोलापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर आहे. त्यात भगवा डाळिंब, १४ बाय १० फुटांवर. झाडं मोठी झाली की फांद्या दोन्हीकडून आत येतात आणि मधल्या पट्ट्यात मोठा ट्रॅक्टर घातला की फळांसकट फांद्या खाली येतात. म्हणून बागेला छोटाच ट्रॅक्टर लागतो. नवा घ्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. मला जुनी 'मित्सुबिशी शक्ती' पाहिजे होती. साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर, रुंदी चार फुटांच्या आत. द्राक्षवाल्यांच्या आणि डाळिंबवाल्यांच्या बागांत ही लाल गाडी फवारणीचा ब्लोअर ओढताना कित्येक वर्षं बघत आलोय. सगळं उघडं, पान्याने खोलता येणारं. यंत्र चांगलं आहे, हे आजही म्हणतो.

मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. २००३ मॉडेल, लालभडक, 'शेतकऱ्याची घरची गाडी'. तुळजापूर रोडला एका गोडाऊनमागे लावली होती. विकणारा मध्यस्थ होता, वय चाळिशीचं, बोलायला गोड. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्या फिटरला बरोबर घेऊ. पाचशे रुपये घेईल." मी म्हटलं, माझ्यापेक्षा काय जास्त बघणार आहे तो?

संध्याकाळी गेल्यावर त्या माणसाने पाणी दिलं, चहा मागवला, आणि बॉनेटजवळ न जाता दूर उभा राहिला. "तुम्हाला आम्ही काय दाखवायचं मामा? मशीनमधला माणूस तुम्ही. तुम्हीच बघा की ओ."

मी बघितलं. बॉनेट उचललं, फॅन बेल्टवर अंगठा दाबला. अर्धा इंच दबायला पाहिजे, तो दीड इंच आत गेला. डिझेल फिल्टरच्या बोल्टातून डिझेल पाझरत होतं, तांब्याचा वायसर नीट बसलेला नव्हता. दोन्ही गोष्टी मी त्याला बोट लावून दाखवल्या. तो पोऱ्यावर ओरडला, "बघ रे, दोन महिने गाडी हितं उभी हाय, तुला एक दिसलं नाही. मामांनी दोन मिनिटांत काढलं!" १,३२,००० सांगितले होते, त्यातले ७,००० त्याने स्वतःहून कमी केले. माझी छाती फुगली. पुढे मी जे जे बघितलं, ते फुगलेल्या छातीने बघितलं.

दोन महिने उभी असलेली गाडी अर्ध्या चावीत सुरू झाली. इंजिनला हात लावला तर गरम. वाटलं, उन्हाचं असेल. (ते शेडमध्ये सावलीत उभं होतं. हे मला घरी येऊन तिसऱ्या दिवशी सुचलं.)

दिसलं नाही असं काही नव्हतं, हेच जास्त टोचतं. ग्रीसच्या निपलांवर रंग बसलेला होता. निपलवर रंग म्हणजे रंगानंतर एकदाही ग्रीस भरलेलं नाही. मागाला तेल घालणारं पोरगंही हे सांगेल. तासांचा मीटर ११४० दाखवत होता, पण मागे औजार जोडायच्या पट्टीची भोकं घासून लंबगोल झाली होती. क्लचच्या पायट्यावर नवं रबर होतं आणि त्याखालचं लोखंड आरशासारखं गुळगुळीत. बागेत बावीस वर्षं राबलेल्या गाडीला ११४० तास? हे सगळं डोळ्यांनी टिपलं, पण मनाने घेतलं नाही. मन फॅन बेल्टवरच्या कौतुकात होतं.

९०,००० रोख दिले. उरलेले ३५,००० त्याने सांगितलेल्या नंबरवर पाठवले. नाव भलत्याच कुणाचं तरी आलं. म्हणाला, मेव्हण्याचं खातं.

पहिले पंधरा दिवस गाडी सकाळी रडत-कुंथत सुरू व्हायची आणि एकदा सुरू झाली की बरी चालायची. डाळिंबाचा मृग बहर, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा, धरला होता. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तेल्या रोगाच्या भीतीने फवारण्या वाढल्या. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच आहे. तेल्यावर फवारणीची वेळ चुकवून चालत नाही, हे तिथे जाऊन आलेला कुठलाही शेतकरी सांगेल. तो जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबांबरोबर उडून या झाडावरून त्या झाडावर जातो. नेमक्या त्या आठवड्यात ब्लोअर जोडून पाऊण तास चालवला की रेडिएटर पाणी ओकायला लागला. सकाळी पांढरा धूर. ऑइलची पट्टी काढली तर पातळी वाढलेली आणि रंग दुधाच्या चहासारखा.

आता मात्र फिटरला बोलावलं. त्याने खालचा नट काढून ऑइल सोडलं. काकवी सांडावी तसं ते पडलं. बोटावर घेऊन म्हणाला, "मामा, हे इंजिनचं ऑइल न्हाई. ह्यात नव्वद नंबर घातलंय." नव्वद नंबर म्हणजे गिअरचं जाड ऑइल. या इंजिनात १५ डब्ल्यू ४० सारखं ऑइल लागतं. जाड ऑइल घातलं की घासलेल्या बेअरिंगचा ठोका दबतो, ऑइलचं प्रेशर चांगलं दिसतं, निळा धूर कमी होतो. फक्त थंड इंजिन फिरता फिरत नाही. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी चालवून ठेवायची, आणि गिऱ्हाइकाला सकाळी बोलवायचंच नाही.

हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढल्यावर बाकीचं कळलं. ब्लॉकला पाण्याच्या जागी चीर गेलेली, ती एम-सीलने बुजवून वर रंग मारलेला. हेड वाकलेलं, गॅस्केटला सिलिकॉन थापलेलं. त्या चिरेतून पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. दुसरा जुना ब्लॉक शोधला, हेडला लेथवर फेसिंग मारलं, पिस्टन-रिंग, बेअरिंग, मजुरी. एकूण ५८,४०० रुपये. आणि ट्रॅक्टर पाच आठवडे उघडा पडलेला. पंपाने हातफवारणी केली, पण दोन वेळा पुरी पडली नाही, आणि एका बाजूच्या चार ओळींत तेल्या शिरला. त्याचा हिशेब मी मांडला नाही.

कागदांची गोष्ट वेगळीच. आरसीवर केए २८, म्हणजे विजयपूर. गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या होत्या, "एनओसी आठ दिवसांत आणून देतो" हा शब्द होता. परराज्यातली गाडी म्हटल्यावर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, तेव्हा कुठे इथे नाव चढतं. आठाचे चाळीस दिवस झाले. मग पुतण्याने सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला. पाच मिनिटांचं काम, जे आम्ही गाडी घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं. नोंदणीची मुदत संपलेली. पहिली १५ वर्षं, मग ५ वर्षांचं एक नूतनीकरण, ते २०२३ मध्ये संपलेलं. त्यावर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ भरल्याशिवाय तो उतरत नाही, आणि इथे तर ते फिटलेलंच नव्हतं.

कर्नाटकात जाऊन इंडी तालुक्यातला तो आरसीवरचा मालक शोधला. सत्तरीचे गृहस्थ. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी एका दलालाला दिली होती, "हप्ते मी भरतो" या बोलीवर. सह्या कोऱ्या कागदांवर घेतल्या, आणि फायनान्सच्या नोटिसा अजून यांच्याच दारात येतात. भांडायला गेलो होतो, ताक पिऊन परत आलो.

मग पुन्हा तुळजापूर रोड. तिथे पोचलो तेव्हा तो माणूस आत होता आणि बाहेर चहाच्या टपरीवर मोहोळकडचा एक शेतकरी उभा होता. त्याने दीड महिन्यापूर्वी तिथूनच दुसरी छोटी गाडी नेली होती, तीही दुरुस्तीलाच होती. बोलता बोलता तो म्हणाला, "मला वाटलं मी बघून घेतलीय. फॅन बेल्ट ढिला होता, तो मीच काढला. डिझेल गळत होतं, तेबी मीच. साडेसहा हजार कमी केले त्यांनी."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याला काही बोललो नाही. एकतीस वर्षांत इतका लाजलो नव्हतो.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, एवढं एका वकिलाने सांगितलं होतं. हवालदारसाहेबांनी व्यवहाराचा स्टॅम्प पेपर मागितला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: 'खरेदीदार स्वतः यंत्राचे जाणकार असून त्यांनी सदर ट्रॅक्टर स्वतः तपासून, आहे त्या स्थितीत पसंत करून घेतला आहे.' ती ओळ लिहिताना त्या माणसाने मला विचारलं होतं, "जाणकार लिहू ना मामा?" आणि मी मान हलवली होती. शेवटी ओळखीच्या दोघा-तिघांनी मध्ये पडून १५,००० परत मिळवून दिले. अर्ज अजून चालू आहे.

आता कुणी जुना छोटा ट्रॅक्टर बघायला निघाला की मी त्याला सकाळीच जायला सांगतो, आणि येतोय म्हणून आधी फोन करायला नाही म्हणतो. इंजिनवर तळहात ठेवायचा, गार असेल तरच पुढचं बोलायचं. गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करायची. पाण्यात बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉक गेलाय. ऑइल भरायचं झाकण ढिलं करून वर ठेवायचं. ते नाचायला लागलं आणि धूर आला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा संपल्यात. लिफ्टवर जड औजार उचलून इंजिन बंद करायचं आणि निवांत चहा प्यायचा. चहा संपायच्या आत औजार जमिनीला टेकलं तर लिफ्टचं कामही धरूनच चालायचं. ऑइल बोटावर घेऊन बघायचं. पैसे आरसीवर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यावर, आणि तेही ॲपवर बोजा उतरलेला दिसल्यावर. आणि फिटरला पाचशे रुपये द्यायचे. आपण स्वतः फिटर असलो तरी द्यायचे. त्याला कुणी मामा म्हणून फुगवत नाही.

माझी गाडी आता चालते. आवाज सुरेख आहे. फक्त बांधाबाहेर काढता येत नाही.

या जानेवारीत, गड्डा यात्रा होऊन आठवडा झाला असेल, मंद्रूपकडच्या एका पाहुण्यांच्या मुलाबरोबर अक्कलकोट रोडला एक गाडी बघायला गेलो. वेगळा विकणारा, वेगळी जागा. सकाळचे साडेसहा, तोंडातून वाफ निघेल अशी थंडी. मुलाने बॉनेट उचललं आणि फॅन बेल्टकडे हात नेला. मी त्याआधी ब्लॉकवर तळहात ठेवला होता. चटका बसला.

"चल," मी म्हटलं. तो म्हणाला, "मामा, बेल्ट तरी बघू की." बेल्टकडे मी बघितलंच नाही.