मधपेटी, नळ्यांचं घरटं की मोकळी माती?

मधमाशांसाठी काहीतरी करावं असं मनात आलं की बहुतेकांना आधी मधपेटी आठवते. मग कुणीतरी सुचवतं, लाकडी चौकटीत बांबूच्या नळ्या भरलेलं 'बी हॉटेल' भिंतीला टांगा. तिसरा पर्याय सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यात विकत घेण्यासारखं काहीच नसतं. कोपऱ्यातली थोडी माती उघडी सोडायची आणि तिला हात लावायचा नाही, बस्स.

आधी भाषेतला घोळ मिटवू. 'मधमाशी' म्हटलं की मध आणि पोळं आलंच. पण या कीटकांच्या जगभरात 20,000हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यात मोठं पोळं बांधून भरपूर मध साठवणाऱ्या जेमतेम दहाएक. डंखरहित मधमाशांच्या काहीशे जाती थोडा थोडा साठवतात. उरलेल्या बहुतेक जातींत ना राणी, ना कामकरी. एकेक मादी आपलं घरटं एकटीच करते, पिल्लांपुरता पराग भरते, तोंड बुजवते आणि मरून जाते. लाकूड पोखरणारा काळा भुंगाही याच गोतावळ्यातला. तेव्हा 'मधमाशा वाचवायच्या' म्हणजे नेमक्या कोणत्या, हे ठरल्याशिवाय निवड करण्यात अर्थ नाही.

मध हवा असेल तर मधपेटीला पर्याय नाही. एकाच वेळी बहरणारी मोठी बाग असेल, तर हजारो कामकरी माशा आयत्या हजर करण्याची सोयही फक्त पेटीतच आहे. पण ते पशुपालन आहे, निसर्गरक्षण नव्हे, हे मनाशी स्पष्ट असावं. पेटी नियमित उघडून पाहावी लागते, रोगराई सांभाळावी लागते, शेजाऱ्यांनाही विश्वासात घ्यावं लागतं. शिवाय पेटीतली माशी तुमच्या भागातली असेलच असं नाही. पेट्यांत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी, म्हणजे मेलिफेरा, मूळची युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. अमेरिकेत ती 1622 मध्ये जहाजातून पोहोचली. सातेरी ही पेटीत पाळता येणारी दुसरी मधमाशी दक्षिण आणि आग्नेय आशियात स्थानिक आहे, त्यामुळे तिथे पेटी ठेवायचीच तर माझं मत सातेरीला.

पेटीची खरी अडचण वाटणीची आहे. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये हिशोब मांडला. एक जोमदार वसाहत तीन महिन्यांत जितका पराग गोळा करते, तितक्यात सरासरी एकट्या राहणाऱ्या माशीची 1,00,000 पिल्लं वाढली असती. फुलं मुबलक असतील तिथे हे खपून जातं. फुलं मोजकी असतील तिथे तुमची पेटी म्हणजे पंगतीत घुसलेली मोठी वरात.

आणि त्या एकट्या माशांचं काम पेटीतल्या माशा सगळीकडे करू शकत नाहीत. वांग्याच्या फुलाजवळ सकाळी पाच मिनिटं उभे राहा. त्याच्या पुंकेसरांना टोकाशी फक्त बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखी. भुंगा येतो, पुंकेसरांना कवटाळतो, पंख स्थिर ठेवून उडण्याचे स्नायू थरथरवतो. गुणगुण एकदम वेगळ्या पट्टीत जाते आणि त्याच्या पोटावर पराग सांडतो. मेलिफेराला किंवा सातेरीला हे जमत नाही. 2013 मध्ये जगभरातल्या 41 पीक-व्यवस्थांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रानटी कीटकांच्या भेटींनी फळधारणा सगळीकडे वाढलेली दिसली. पाळीव मधमाशांच्या भेटींनी मात्र फक्त 14 टक्के ठिकाणी.

नळ्यांचं घरटं या एकट्या माशांसाठीच असतं, म्हणून हेतूच्या दृष्टीने ते पेटीपेक्षा सरस. बघायलाही मजा येते. पानकापी माशी गुलाबाच्या पानाचा कात्रीने कापल्यासारखा गोल तुकडा पोटाखाली धरून येते, नळीत शिरते, थोड्या वेळाने रिकामी बाहेर पडते. मादी होणारी अंडी ती आत खोलवर घालते आणि नर होणारी तोंडाशी. म्हणून नळी आखूड असली की नरच जास्त निपजतात. मी आणलेलं पहिलं घरटं असंच होतं: बोटभर नळ्या, दोन्ही बाजूंनी उघड्या, वर शोभेला पाइनची फळं. वर्षभर त्यात कोळी राहिले.

नळी साधारण 15 सेंटीमीटर खोल, मागून बंद, आतून गुळगुळीत हवी आणि भोकं 3 ते 10 मिलिमीटरच्या दरम्यान वेगवेगळी. प्लॅस्टिकच्या नळ्या नकोत, आत ओल धरून बुरशी येते. नळ्या दरवर्षी बदलायचा आळस असेल तर टांगूच नका, कारण एका जागी दाटीने घरटी झाली की परजीवींचं फावतं. टोरंटोत जवळपास 600 घरट्यांवर तीन वर्षं नजर ठेवली, तर दरवर्षी त्यांतल्या पाऊणएक घरट्यांत गांधीलमाश्यांनी बस्तान मांडलेलं आढळलं. गांधीलमाश्याही निरुपयोगी नसतात म्हणा, पण तुम्ही घर बांधलं होतं दुसऱ्यासाठी.

आता माती. मधमाशांच्या सुमारे 70 टक्के जाती जमिनीत घरटी करतात, म्हणजे उत्तमातलं उत्तम हॉटेलही बहुतेकींच्या उपयोगाचं नाही. उन्हाची, पाणी न साचणारी, थोडा उतार असलेली जागा निवडा. सतरंजीएवढी पुरते. त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन, प्लॅस्टिक, फरशी काही नको, आणि ती खणायची नाही. लहान माशा काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत, म्हणून फुलं जवळच हवीत, एक हंगाम संपला की दुसरा सुरू होईल अशी. मुळांशी ओतायची कीटकनाशकं पूर्ण बंद, कारण विष नेमकं त्यांच्या पाळणाघरात मुरतं.

तोटा एवढाच की लोकांना दाखवायला काही नसतं. पाहुणे विचारतात, इथे गवत का नाही लावलं? पहिल्या वर्षी कदाचित एकही माशी येणार नाही. बाल्कनीवाल्यांना हा मार्ग बंदच. त्यांनी नळ्यांपेक्षा आधी फुलझाडांच्या कुंड्या वाढवाव्यात. अंगण किंवा बांध असेल तर मात्र मी मातीलाच मत देईन, आणि हौस म्हणून सोबत एक लहानसं, नीट राखलेलं नळ्यांचं घरटं.

एके सकाळी त्या उघड्या जागेत वारुळासारखी बारीक मातीची ढिगुळी दिसेल, मध्ये शिसपेन्सिलीएवढं भोक. मुंग्या समजून त्यावर पावडर टाकू नका. थोडं दूर बसून वाट पाहा, भोकातून आधी एक केसाळ डोकं बाहेर डोकावतं.