बंदरापासून डेपोपर्यंत: ट्रामचा डबा रेल्वेने न्यावा की ट्रेलरवर?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून धुळ्याच्या ट्रेलरमालकांना ओडीसी माल, म्हणजे नियमाच्या मापात न बसणारा माल, नवा राहिलेला नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदत असल्यामुळे असा बराचसा माल आपल्या दारावरूनच जातो. त्यामुळे पाती वाहून झाली, आता मेट्रोच्या किंवा ट्रामच्या डब्यांचे काम घ्यावे का, असा विचार जे करीत आहेत, त्यांना दर ठरवण्यापूर्वी उपयोगी पडावी म्हणून ही तुलना करीत आहे.

पहिला प्रश्न भाड्याचा नसून गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा आहे. आपल्या रेल्वेचे रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर असतात, तर जगातल्या बहुतेक नव्या ट्राम आणि आपल्याकडच्या बहुतेक नव्या मेट्रो 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर धावतात. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या मार्गांसाठी कोरियाहून आलेले डबे कोलकाता बंदरात उतरवून रेल्वेच्याच रुळांवरून दिल्लीला नेता आले, कारण ते मार्ग ब्रॉडगेज होते. डबा ब्रॉडगेजचा असेल तर रेल्वेशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही; तो स्वतःच्या चाकांवर जातो आणि रस्त्याने नेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

स्टँडर्ड गेजचा डबा मात्र रेल्वेने न्यायचा तर सपाट वॅगनवर चढवावा लागतो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. मेट्रोच्या डब्याची उंची सुमारे 3.9 मीटर असते. वॅगनचा पृष्ठभागच रुळांपासून मीटरभर वर असल्याने एकूण उंची पाच मीटरच्या आसपास जाते, तर ब्रॉडगेजवर गाडीच्या उंचीची मर्यादा 4.265 मीटर आहे. वर 25 हजार व्होल्टची तार असते. म्हणजे रेल्वेच्या दृष्टीनेही तो ओडीसी माल ठरतो, आणि खास मंजुरी व कमी वेग या दोन्ही गोष्टी ओघाने येतात. त्याहून मोठा तोटा हाताळणीचा आहे. रस्त्याने नेताना क्रेन बंदरात एकदा आणि फार तर डेपोत दुसऱ्यांदा लागते. रेल्वेने नेताना मधल्या माल धक्क्यावर वॅगनवरून ट्रेलरवर आणखी एकदा उचलावे लागते. डब्याला नेमून दिलेल्या बिंदूंवरच स्लिंग, म्हणजे उचलण्याचा पट्टा, लावायची असते, आणि इजा होण्याची भीती प्रवासापेक्षा या उचलण्यात अधिक असते, असे माझे ठाम मत आहे. नागपूर मेट्रोचे चीनमध्ये बनलेले डबे चेन्नई बंदरातून रस्त्यानेच नागपूरला आले, हे या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रस्त्याने जायचे ठरल्यावर मेट्रोचा डबा आणि ट्राम यांत फरक करावा लागतो. मेट्रोच्या प्रत्येक डब्याला स्वतःच्या दोन बोगी, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, असतात. डबे जोडणारे कपलर सोडले की एक डबा, एक ट्रेलर असा सरळ हिशेब होतो. लो-फ्लोअर, म्हणजे जमिनीलगत तळ असलेल्या, ट्रामचे तसे नाही. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टची ट्राम 43.5 मीटर लांब असून सात भागांची आहे, आणि अशा रचनेत काही भागांना चाकेच नसतात. ते शेजारच्या भागांवर तोललेले असतात. तिचे तुकडे केले तर त्या बिनचाकी भागांना तात्पुरता आधार द्यावा लागतो आणि डेपोत पुन्हा जोडणी करून तपासणी करावी लागते. अखंड नेली तर लांबणारा ट्रेलर हवा, त्यावर रूळ हवेत, आणि उतरवण्यासाठी अगदी मंद उताराचा रॅम्प हवा. ट्रेलरवरचे रूळ डेपोच्या रुळांना जोडून विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोर हळूहळू सोडत गाडी खाली घेतली जाते. रॅम्पचा चढ-उतार तीव्र असेल तर दोन भागांमधल्या लवचीक आवरणावर आणि सांध्यांवर ताण येतो.

पवनचक्कीच्या पात्यांचा अनुभव येथे अर्धाच कामी येतो. पाते लांब असले तरी वजनाला हलके असते. डबा त्याच्या निम्म्या लांबीचा असूनही चाळीस टनांच्या घरात भरतो. कोंडाईबारीच्या घाटात पाते वळवताना माझ्या ट्रेलरच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ हेल्पर लाकडी पाचर हातात धरून पावलापावलाने चालत होता आणि मागची चाके वळवणाऱ्या स्टिअरिंगचा रिमोट दुसऱ्याच्या हातात होता. वळणावर उभ्या केलेल्या एका ट्रकमुळे आम्ही सहा तास तसेच थांबलो. तेवढ्याच जागेत चाळीस टनांचा डबा असता, तर उतारावर तो नुसता धरून ठेवणे हेच मोठे काम झाले असते.

बंदराच्या निवडीत मी सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या बाजूने आहे. सुरतेहून धुळे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर असून मोठा घाट कोंडाईबारीचा एकच आहे. न्हावाशेव्याहून यायचे तर अंतर शंभरेक किलोमीटरने वाढते, कसारा घाट चढावा लागतो, आणि पुढे चांदवडजवळचा राहुड व धुळ्याच्या तोंडाशी लळिंग असतोच. जहाजाचे वेळापत्रक ग्राहकाच्या हाती असल्याने ही निवड आपल्याला नेहमी मिळेलच असे नाही. पण न्हावाशेवा ठरले तर जास्तीचा पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारे वाहन, दरात आधीच धरावा.

लांबणारा ट्रेलर ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मेट्रोच्या सुट्या डब्यांपासून सुरुवात करावी आणि अखंड ट्रामचे काम तूर्त घेऊ नये. दर देण्यापूर्वी डेपोच्या फाटकावर स्वतः जाऊन शेवटचे वळण टेपने मोजावे, कारण महामार्गावर तीनशे किलोमीटर नीट आलेला ट्रेलर शहरातल्या शेवटच्या दोनशे मीटरांत अडकला, तर मागे घ्यायलाही जागा नसते.