विनफॉर्म्स: अनेक महिने रोज वापरल्यावर, कुठे अडतं आणि मूळ कुठे सापडतं

निकाल आधीच सांगून टाकतो. विंडोजवर डेटा भरायचं, शोधायचं, छापायचं असं ऑफिसच्या आतलं ॲप्लिकेशन करायचं असेल, तर मी आजही विनफॉर्म्सच घेईन, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रॅमिंग व्यासपीठावरची, विंडोजच्या खिडक्या आणि बटणं बनवायची लायब्ररी. फेब्रुवारी २००२ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीबरोबर हे आलं, तेव्हापासून ‘आता हे संपलं’ म्हणणारे काही कमी झाले नाहीत. पण डिसेंबर २०१८ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला, २०१९ मध्ये ते डॉट नेट कोअर ३.० वर आलं, आणि अजूनही दर वर्षीच्या डॉट नेटबरोबर त्यात काही ना काही भर पडते. बटण ओढून फॉर्मवर टाका, डबल क्लिक करा, चार ओळी लिहा, एफ-५ दाबा. इतक्या लवकर चालतं काम दाखवता येईल असं दुसरं फारसं काही नाही.

माझी तक्रार आहे ती एरर मेसेजांबद्दल. दुखणं एकीकडे आणि मेसेज भलतीकडे, असं इथे इतक्यांदा होतं की मेसेजमधल्या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही, ही सवयच लावून घ्यावी लागते.

एक नमुना बघा. ग्रिडमधल्या (डेटा ओळी-रकान्यांत दाखवणाऱ्या तक्त्यातल्या) ओळीवर क्लिक केलं की प्रोग्रॅम पडतो. मेसेज येतो ‘इंडेक्स -१ डझ नॉट हॅव अ व्हॅल्यू’, आणि डीबगर नेऊन उभं करतो ते थेट मेन मधल्या ॲप्लिकेशन-रन या ओळीवर. आपल्या कोडात कुठेही -१ नाही. क्लिकच्या हँडलरमध्ये (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडात) तर काहीच नाही. माणूस दोन तास ग्रिडच्या प्रॉपर्टीज चाळत बसतो. खरं कारण असतं ग्रिडला दिलेल्या डेटासोर्समध्ये: तिथे साधी लिस्ट जोडलेली असते. जोडताना ती रिकामी होती, म्हणून बाइंडिंगने (डेटा आणि ग्रिड जोडणाऱ्या यंत्रणेने) ‘सध्याची ओळ’ -१ धरली. नंतर लिस्टमध्ये नोंदी टाकल्या, पण साधी लिस्ट बदल झाल्याचं कोणालाच कळवत नाही. ग्रिडमध्ये ओळी दिसायला लागल्या, आतला आकडा -१ वरच राहिला, आणि क्लिक झालं की सगळं कोसळलं. लिस्टच्या जागी बदल झाल्याचं कळवणारी बाइंडिंगलिस्ट टाकली की विषय संपतो. ‘नोंद टाकली पण ग्रिडमध्ये दिसत नाही’ या तक्रारीचंही बहुतेक वेळा हेच मूळ असतं.

बाइंडिंगच्या आणखी दोन-तीन खोड्या इथेच सांगून टाकतो. कॉम्बोबॉक्सला डेटासोर्स आधी आणि व्हॅल्यूमेंबर (आयडीचा रकाना कोणता ते सांगणारी प्रॉपर्टी) नंतर दिला, तर मधल्या काळात सिलेक्टेड-इंडेक्स-चेंज्ड हा इव्हेंट उडतो आणि सिलेक्टेड-व्हॅल्यूमध्ये आयडीऐवजी अख्खी ओळ येते. मग ‘डेटारोव्ह्यूचं इंटिजरमध्ये रूपांतर होत नाही’ असं काहीतरी वाचायला मिळतं. व्हॅल्यूमेंबर आधी, डेटासोर्स शेवटी, एवढाच उपाय. एकाच टेबलावर दोन कॉम्बो बांधले तर एकात निवड बदलली की दुसराही हलतो, कारण दोघांमध्ये ‘सध्याची ओळ’ एकच असते. प्रत्येकाला वेगळा बाइंडिंगसोर्स द्यावा. आणि ग्रिडमधल्या चेकबॉक्सवर टिक केल्यावर व्हॅल्यू जुनीच मिळत असेल, तर ग्रिड बिघडलेलं नसतं: सेल सोडल्याशिवाय ते व्हॅल्यू पक्की करत नाही. करंट-सेल-डर्टी-स्टेट-चेंज्ड मध्ये कमिट-एडिट बोलवावं लागतं.

आता मोठा विषय, थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत एकामागून एक ओळी चालवणाऱ्या वाटेचा. विनफॉर्म्स म्हणजे शेवटी विंडोजच्या जुन्या खिडक्यांवरचं आवरण. प्रत्येक कंट्रोलला (फॉर्मवरचं बटण, ग्रिड वगैरे) एक हँडल (विंडोजने दिलेली ओळख), ते हँडल ज्या थ्रेडने बनवलं त्याच्याच मालकीचं, आणि माऊस, कीबोर्ड, पुन्हा रंगवणं या सगळ्याचे संदेश त्या एकाच थ्रेडच्या रांगेत. हे एवढं डोक्यात बसलं की निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात. बटणाच्या क्लिकमध्ये मोठी क्वेरी चालवली, की रांग तुंबते, आणि पाचेक सेकंद संदेश उचलले गेले नाहीत की विंडोज खिडकी फिकी करून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून टाकतं.

यावर जुन्या कोडात सर्रास सापडणारा इलाज म्हणजे लूपच्या आत डू-इव्हेंट्स, म्हणजे रांगेतले संदेश मध्येच उचलायला लावणारी मेथड. माझं मत स्पष्ट आहे: तो दिसला की काढावा. खिडकी जिवंत वाटते खरी, पण काम चालू असतानाच वापरणारा तेच बटण परत दाबू शकतो, आणि मग एकाच नोंदीच्या दोन नोंदी होतात. किंवा तो फॉर्म बंद करतो आणि लूपची पुढची ओळ बंद झालेल्या फॉर्मला हात लावते. काम टास्क-रनमध्ये (मागच्या थ्रेडवर) टाकावं, त्याला अवेट करावं (खिडकी न अडवता ते संपायची वाट बघावी), सुरू करताना बटण डिसेबल करावं, प्रगती दाखवायची असेल तर प्रोग्रेस क्लास वापरावा. २०१२ साली सी शार्पमध्ये असिंक-अवेट आल्यापासून याहून अवघड काही करायची गरज उरलेली नाही.

‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ हा मेसेज मात्र प्रामाणिक आहे, जे झालं तेच सांगतो: कंट्रोलला दुसऱ्याच थ्रेडने हात लावला. अडचण अशी की ही तपासणी डीबगर जोडलेला असतानाच आपणहून चालू असते. वापरणाऱ्याच्या मशीनवर मेसेज येत नाही. तिथे ग्रिड अर्धवट रंगतं, स्क्रोलबार गायब होतो, कधी प्रोग्रॅम गोठतो, आणि आपल्याकडे काही केल्या तसं होत नाही. चेक-फॉर-इल्लीगल-क्रॉस-थ्रेड-कॉल्स फॉल्स करून मेसेज घालवणारे भेटतात. त्याने बिघाड जात नाही, फक्त सांगणारा गप्प होतो. काम कंट्रोलच्या थ्रेडवर पाठवणारं इन्व्होक किंवा बिगिन-इन्व्होक वापरावं; डॉट नेट ९ पासून इन्व्होक-असिंक आहे, ते अवेटबरोबर जास्त नीट बसतं. एक बारकावा: हँडल अजून तयारच झालं नसेल तर इन्व्होक-रिक्वायर्ड (इन्व्होकची गरज आहे का ते सांगणारी प्रॉपर्टी) फॉल्स देतं. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (फॉर्म बनतानाच चालणाऱ्या कोडात) मागच्या थ्रेडवरचं काम सुरू करू नये. फॉर्म दिसल्यावर येणाऱ्या शोन इव्हेंटपर्यंत थांबावं.

असिंकमध्ये गोठण्याचा एक हमखास मार्ग आहे तो म्हणजे डॉट-रिझल्ट. क्लिकमध्ये टास्कच्या रिझल्टची वाट बघत यूआय थ्रेड (खिडकी चालवणारा मुख्य थ्रेड) उभा राहतो. टास्कच्या आतल्या अवेटला मात्र पुढचं काम त्याच यूआय थ्रेडवर करायचं असतं. दोघं एकमेकांची वाट बघतात, एक्सेप्शन (चुकीची सूचना) नाही, सीपीयू शून्यावर. खिडकी गोठली आहे आणि सीपीयू शांत आहे, असं दिसलं की मी आधी कोडात डॉट-रिझल्ट आणि डॉट-वेट शोधतो.

सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. तक्रार अशी यायची: ‘जागेवरून उठून परत आलं की प्रोग्रॅम अडकलेला असतो.’ रोज नाही, सगळ्यांकडे नाही. दुवा होता स्क्रीन लॉकचा. लॉक उघडल्यावर, थीम बदलल्यावर, रिमोटने जोडल्यावर विंडोज सेटिंग बदलल्याचा संदेश पाठवतं. डॉट नेटचा सिस्टिम-इव्हेंट्स क्लास तो पकडतो आणि ज्या ज्या कंट्रोलने नाव नोंदवलंय त्याला, त्याच्या त्याच्या थ्रेडवर जाऊन कळवतो. आता एखादा कंट्रोल मागच्या थ्रेडवर तयार झाला असेल, आणि तो थ्रेड जिवंत असून संदेश वाचत नसेल, तर कळवणारा तिथेच थांबतो. कायमचा. अडकलेल्या प्रोसेसला व्हिज्युअल स्टुडिओ (कोड लिहायचं आणि तपासायचं साधन) अटॅच करून मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक (कुठल्या मेथडने कुठली बोलावली त्याची यादी) बघितला, तर वर वेटवन आणि खाली ऑन-युझर-प्रेफरन्स-चेंज्ड. ही जोडी दिसली की निदान झालं. गुन्हेगार निघाला जुन्या कोडातला स्प्लॅश स्क्रीन, वेगळ्या थ्रेडवर बनवलेला. तो मुख्य थ्रेडवर आणल्यावर तक्रारी थांबल्या. यातलं काहीही स्क्रीनवरच्या कुठल्या मेसेजमध्ये नव्हतं, कारण मेसेजच नव्हता.

दुसरी अशीच फसवी जात म्हणजे संध्याकाळी होणारे बिघाड. सकाळी सगळं छान, दिवसभर वापरल्यावर एखाद्या कंट्रोलच्या जागी पांढऱ्या चौकोनात लाल फुली, ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’, किंवा चक्क ‘आउट ऑफ मेमरी’, आणि मेमरी तर निम्मी मोकळी. इथे संपलेली असतात ती हँडल्स. एका प्रोसेसला जीडीआय ऑब्जेक्ट्स (फॉन्ट, ब्रश अशी रंगवायची साधनं) ठरावीक सेटिंगनुसार १०,००० पर्यंत मिळतात, यूझर ऑब्जेक्ट्सही (खिडक्या, मेनू) तेवढेच. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये हे दोन कॉलम लावता येतात. ते लावून एकच स्क्रीन परत परत उघड-बंद करा. आकडा चढतच राहिला आणि खाली आला नाही, तर गळती त्याच स्क्रीनमध्ये आहे.

गळतीची ठिकाणं ठरलेली असतात. शो-डायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केल्यावर नुसता लपतो, डिस्पोज होत नाही (धरलेली हँडल्स सोडत नाही). तो यूझिंगमध्येच घ्यावा, म्हणजे काम संपल्यावर आपोआप डिस्पोज होतो. शो ने उघडलेला मात्र बंद होताना स्वतःच डिस्पोज होतो, आणि या फरकामुळेच बरेच जण गाफील राहतात. पॅनेलचं कंट्रोल्स-क्लिअर कंट्रोल काढतं, नष्ट करत नाही. पेंट किंवा सेल-फॉरमॅटिंगमध्ये प्रत्येक वेळी नवा फॉन्ट, नवा ब्रश बनवणं ही तिसरी जागा. तो फॉन्ट एकदाच बनवून ठेवावा. इमेज-फ्रॉम-फाइल याच घरातलं: चित्र डिस्पोज होईपर्यंत फाइल धरून बसतं, आणि त्याच नावाने सेव्ह करायला गेलं की ‘अ जेनेरिक एरर ऑकर्ड इन जीडीआय प्लस’. इतका निरुपयोगी मेसेज मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

डिझायनरबद्दल (फॉर्म ओढून-टाकून मांडायची व्हिज्युअल स्टुडिओमधली जागा) लोक जेवढं ओरडतात तेवढा तो वाईट नाही, पण तो काय करतो हे माहीत हवं. फॉर्म उघडला की त्यावरच्या यूझर कंट्रोलचा कन्स्ट्रक्टर डिझायनर खरोखर चालवतो. तिथे डेटाबेस उघडायचा कोड असेल तर व्हिज्युअल स्टुडिओच्या आतूनच तो डेटाबेस शोधायला निघतो, आणि फॉर्मऐवजी एररचं पान दिसतं. डिझाइन-मोड ही प्रॉपर्टी कन्स्ट्रक्टरमध्ये कामाची नाही, तिथे ती फॉल्सच असते. लायसन्स-मॅनेजरचा यूसेज-मोड तपासावा. बेस फॉर्म ॲबस्ट्रॅक्ट केला तर डिझायनर उघडतच नाही. इव्हेंटचा मेथड कोडातून हाताने उडवला की डिझायनर फाइलमधली जोडणीची ओळ मागे राहते. ती ओळ काढा, झालं. कधीकधी बिन आणि ओब्ज फोल्डर उडवून बिल्ड केलं की आपोआप सुधारतं. का, ते विचारत बसू नये.

डीपीआयचं, म्हणजे स्क्रीनवर सगळं किती मोठं दाखवायचं त्या सेटिंगचं, दुखणं मात्र खरं आहे. टीममध्ये एकाचा मॉनिटर १०० टक्क्यांवर, दुसऱ्याचा १५० वर. दुसऱ्याने फॉर्म नुसता उघडून सेव्ह केला तरी डिझायनर फाइलमधले शेकडो आकडे बदलतात, आणि मर्ज करताना डोकं फिरतं. व्हिज्युअल स्टुडिओ १०० टक्क्यांवर रीस्टार्ट करण्याची सूचना वरच्या पट्टीत येते, ती मुकाट ऐकावी. नव्या प्रोजेक्टात फोर्स-डिझायनर-डीपीआय-अनअवेअर हे सेटिंग प्रोजेक्ट फाइलमध्येच घालता येतं. जुनं ॲप्लिकेशन नव्या डॉट नेटवर नेल्यावर सगळे फॉर्म सुजल्यासारखे दिसले तर तो फॉन्टचा परिणाम: डॉट नेट कोअर ३.० पासून मूळ फॉन्ट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ ८.२५ ऐवजी सेगो यूआय ९ झाला. डॉट नेट ६ पासून ॲप्लिकेशन-डिफॉल्ट-फॉन्ट लिहून जुना फॉन्ट परत आणता येतो.

किरकोळ पण वेळ खाणाऱ्या गोष्टी पटापट. नोंद सेव्ह होते आणि पुढच्या रनला गायब होते? प्रोजेक्टात ठेवलेल्या डेटाबेस फाइलला ‘कॉपी ऑलवेज’ लागलेलं आहे, प्रत्येक बिल्डला कोरी फाइल वर बसते. ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ म्हणत जेट ४.० (ॲक्सेसच्या जुन्या फाइल उघडणारा प्रोव्हायडर) अडवतं? तो प्रोव्हायडर फक्त ३२ बिटमध्ये आहे. एक्स-८६ वर बिल्ड करा. रद्द बटणही दाबता येत नाही, कारण रिकाम्या टेक्स्टबॉक्सचं व्हॅलिडेटिंग फोकस सोडतच नाही? त्या बटणाचं कॉझेस-व्हॅलिडेशन फॉल्स करा. ग्रिड भरायला फार वेळ लागतो? कॉलमचं ऑटोसाइझ ऑल-सेल्सवरून डिस्प्लेड-सेल्सवर आणा. ओळी लाखांत असतील तर व्हर्च्युअल मोड.

आणि लोड इव्हेंटमध्ये महत्त्वाचं काही ठेवू नका. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर, ६४ बिट विंडोजमध्ये डीबगर लावून चालवताना लोडमधलं एक्सेप्शन गिळलं जाऊ शकतं: मेसेज नाही, फॉर्म उघडतो, पण लोडमधल्या पुढच्या ओळी चाललेल्याच नसतात.

नवीन प्रोजेक्ट सुरू करताना मी पहिला फॉर्म बनवायच्याही आधी मेन मध्ये ॲप्लिकेशनचा थ्रेड-एक्सेप्शन आणि ॲप-डोमेनचा अनहँडल्ड-एक्सेप्शन दोन्ही जोडतो आणि दोन्हीकडून अख्खा स्टॅक ट्रेस (चूक झाली तेव्हाचा कॉल स्टॅक) फाइलमध्ये लिहितो. आतलं एक्सेप्शनही लिहायचं, कारण कामाची माहिती बहुधा तिथेच असते. जुना कोड डॉट नेट ९ वर नेणार असाल तर आणखी एक: त्यात बायनरी-फॉरमॅटर (ऑब्जेक्टचं बाइट्समध्ये रूपांतर करणारा क्लास) चालत नाही, एक्सेप्शन टाकतो. स्वतःचे ऑब्जेक्ट क्लिपबोर्डवर किंवा ड्रॅग-ड्रॉपमधून नेणारा कोड तिथे मोडतो. त्यांचं जेसन (डेटाचं मजकुरातलं रूप) करून साध्या स्ट्रिंगसारखं पाठवा.