काइटसर्फिंगसाठी बिजागरीचा नी-ब्रेस: हंगामभराच्या वापरानंतरचे परीक्षण

दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या असलेला निओप्रीनचा (रबरासारख्या लवचीक कापडाचा) नी-ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारे आवरण, मी गेला हंगामभर रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डावर उभे राहून पाण्यावरून जाण्याचा खेळ) करताना उजव्या गुडघ्यावर वापरला. याच घडणीचे ब्रेस अनेक कंपन्या विकतात, म्हणून कंपनीचे नाव देत नाही आणि घडणीबद्दलच लिहितो. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) पूर्वी दुखावले असेल आणि ते भरून आल्यावर डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगी दिली असेल, तर ही वस्तू पैसे वसूल करून देते. धडधाकट गुडघ्याला पुढेमागे काही होऊ नये एवढ्याच हेतूने ती घ्यायची असेल, तर तेच पैसे आधी बोर्डाच्या चांगल्या फूटस्ट्रॅपवर (पाय अडकवायच्या पट्ट्यांवर) आणि फिजिओथेरपीच्या काही सेशनवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे म्हणण्याचे कारण या खेळात गुडघा कसा दुखावतो त्यात आहे. पाय बोर्डाच्या पट्ट्यांत अडकलेले असतात आणि कंबरेच्या हार्नेसला वीस-चोवीस मीटर लांबीच्या लाइनींवरून काइट ओढत असतो. बोर्ड एकीकडे अडला आणि शरीर दुसरीकडे ओढले गेले, तर मधल्या सांध्याला पीळ बसतो, आणि तो सांधा बहुतेक वेळा गुडघाच असतो. पडताना एक पाय पट्ट्यातून निसटला आणि दुसरा अडकून राहिला, तर बोर्डाची सगळी लांबी तरफेसारखी त्या एका गुडघ्यावर काम करते. जर्मनीत 235 काइटसर्फरवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेळाच्या दर हजार तासांमागे सात दुखापतींची नोंद झाली होती. त्यांत पाऊल आणि घोटा सर्वांत वर असले, तरी गुडघाही ठळकपणे होता. घोटा मुरगळला तर माणूस काही आठवड्यांत उभा राहतो. गुडघ्यातले पुढचे क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटले आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर पीळ आणि उड्या असलेल्या खेळाकडे परतायला किमान नऊ महिने थांबायला सांगतात. आपल्याकडचा ऑक्टोबर ते मे हा अख्खा हंगाम त्यात जातो.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. फेब्रुवारीपासून दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा धरू लागतो आणि त्याच वेळी ओहोटी असेल, तर किनाऱ्यालगत लांबपर्यंत पोटरीएवढेच पाणी उरते. वरून पाहता सपाट, शांत आणि शिकायला सोयीचे वाटणारे हे पाणी गुडघ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. खाडीच्या मुखाजवळ वाळूचे दांडे दर उधाणाला जागा बदलतात. काल जिथे कंबरभर पाणी होते, तिथे आज बोर्डाची फिन (खालचे पाते) वाळूत रुतते. बोर्ड जागीच थांबतो, काइट थांबत नाही आणि पुढचा गुडघा आत झुकून पिळवटतो. बोर्डाखाली वाळू घासल्याचा आवाज येतो तोवर शरीर पुढे गेलेले असते. ज्या किनाऱ्यांवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढतात तिथे दोरखंडांचीही हीच भीती असते, म्हणून रापण लागली असेल त्या दिवशी मासेमारांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरूच नये.

ब्रेसचा खरा उपयोग अशा प्रसंगी दिसतो. त्याच्या बिजागऱ्या गुडघ्याला बाजूला झुकण्यापासून अडवतात आणि आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येणारा ताण काही प्रमाणात स्वतःवर घेतात. माझ्या ब्रेसची बिजागरी दुहेरी दात्यांची आहे. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच बिंदूभोवती फिरत नाही, वाकताना त्याचा आस सरकत जातो, आणि दुहेरी दाते ती हालचाल बऱ्याच अंशी पाळतात. एकाच खिळ्यावर फिरणारी स्वस्त बिजागरी थोड्याच वेळात मांडीवर वर सरकते आणि नको तिथे दाबते, म्हणून दुकानात ही एक गोष्ट अवश्य पाहून घ्यावी. पाय पूर्ण सरळ होण्याआधी दहा अंशांवर अडवणारी लहान खुंटीही सोबत मिळते. ती लावायची की नाही हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे; मला ती उडीनंतर पाय ताठ ठेवून उतरण्याच्या सवयीला आळा घालण्यासाठी उपयोगी पडली.

खरेदी रत्नागिरीतल्या सर्जिकल साहित्याच्या दुकानातून केली आणि तिथे मिळालेल्या सेवेबद्दल समाधानी आहे. मी खुर्चीवर बसलो तेव्हा दुकानदार म्हणाले, "दादा, उभे राहा, बसून घेतलेले माप पाण्यात कामाला येत नाही." मग त्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या वर आणि खाली टेपने घेर मोजला, दोन साइज घालून पाहायला लावले आणि उकिडवे बसायला सांगितले. दोन साइजच्या मधले माप येत असेल तर लहान साइज घ्यावा, कारण भिजल्यावर निओप्रीन सैल पडते. ऑनलाइन मागवणाऱ्यांना ही सोय मिळत नाही, आणि सैल ब्रेस हा नसलेल्या ब्रेसपेक्षा वाईट असतो, कारण आधार आहे या भरवशावर माणूस झेपणार नाहीत अशा उड्या मारू लागतो.

ब्रेस काय करू शकत नाही, तेही तितकेच नीट समजून घ्यावे. पावलाला बसलेला पीळ तो रोखत नाही, कारण पिळाची सुरुवात बोर्डावर होते आणि ब्रेस मांडी व पोटरी यांच्या मऊ मांसावर बांधलेला असतो. त्यामुळे एसीएल आणि मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) यांच्या बाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे काम करतात ते फूटस्ट्रॅप. पाऊल आत घातल्यावर टाच उचलली जाऊ नये, पण जोराने पडताना दोन्ही पाय एकाच वेळी सुटावेत, इतपत ते घट्ट असावेत. दोन्ही पट्टे सारखे नसणे हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो, आणि भाड्याच्या बोर्डांवर तो नेहमी दिसतो. बोर्डावर स्क्रूने घट्ट बसवलेले, पाऊल टेकवायचे पॅड खांद्यांच्या रुंदीपेक्षा फार फाकलेले असतील तर गुडघे आपोआप आत झुकतात. ते जवळ घ्यावेत आणि बोटे किंचित बाहेरच्या दिशेला वळवावीत. पाऊल पूर्ण जखडणारे बूट अनुभवी खेळाडूंनी त्यांच्या खास कसरतींसाठी घ्यावेत, नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

उडीवरून उतरताना काइट पुन्हा पुढे झुकवून लाइनींत ताण राखावा आणि बोर्डाचे नाक वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे, वळवावे. बोर्ड आडवा टेकला तर त्याची कड पाण्यात रुतते आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारा नॉटचा वारा अठरा नॉट झाला की त्याच काइटची ओढ सव्वादोन पट होते, आणि सुरूच्या बनाला वळसा घालून येणारे झोत हा फरक काही सेकंदांत घडवतात. लहान काइट लावायला लाज वाटू नये. वर उल्लेखलेल्या अभ्यासात 56 टक्के दुखापतींच्या मुळाशी, ताबा सुटल्यावर काइट हार्नेसपासून वेळेवर सोडवता न येणे हेच कारण आढळले होते. बाराशे रुपयांचा असो की बारा हजारांचा, कोणताही ब्रेस क्विक रिलीजची, म्हणजे काइट हार्नेसपासून झटकन सोडवणाऱ्या कळीची, जागा घेऊ शकत नाही. हा क्विक रिलीज वाळूवर उभे राहून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी उघडण्याचा सराव करावा.

वापरातल्या तक्रारी प्रामाणिकपणे नोंदवतो. वेल्क्रोमध्ये वाळू भरते आणि हंगामाच्या मध्यावर वरच्या पट्ट्याची पकड कमी झाली. जुन्या टूथब्रशने रोज साफ करणे हाच उपाय आहे. गुडघ्याच्या मागच्या खोबणीत घाम आणि मीठ मिळून कातडी सोलवटते, त्यासाठी आत पातळ लायक्राची, गुडघा झाकणारी लांब चड्डी किंवा नळीसारखे आवरण घालावे लागते. बिजागरीचा खिळा गंजला नाही, परंतु दर वेळी गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला म्हणूनच, असे मला वाटते. गाडीच्या डिकीत ओला ठेवलेला ब्रेस दुसऱ्या दिवशी अंगाला लावण्याच्या लायकीचा राहत नाही. पाणी शोषून तो जड होतो, पण पोहण्यात अडथळा येईल इतका नाही.

बिजागरी नसलेला नुसता निओप्रीनचा मोजा चारपाचशे रुपयांत मिळतो. तो ऊब देतो आणि गुडघ्याची जाणीव जागी ठेवतो, आधार मात्र देत नाही. त्याला ब्रेस समजून विकत घेऊ नये. आधार देण्याचे काम मांडीच्या मागच्या स्नायूंचे आहे, कारण ते नडगीला मागे ओढून एसीएलवरचा भार हलका करतात, आणि नितंबाच्या बाजूचे स्नायू गुडघा आत झुकू देत नाहीत. पावसाळ्यात खेळ बंद असतो तेच महिने एका पायावर सावकाश बसणे-उठणे, पूल (उताणे झोपून कंबर वर उचलण्याचा व्यायाम) आणि दोन्ही पायांवर मऊ उतरण्याचा सराव यांना द्यावेत.

पाण्यात असताना गुडघ्यात कट असा आवाज झाला आणि दोन-तीन तासांत सूज चढली, तर ब्रेस बांधून परत पाण्यात जाऊ नये आणि तेल लावून चोळूनही घेऊ नये. बर्फ, पाय उंचावर आणि लगेच हाडांचे डॉक्टर, हा क्रम पाळावा.

दुहेरी दात्यांच्या बिजागरीचा, खुंटीसह आणि वेगळे बदलता येणारे पट्टे असलेला ब्रेस मला साधारण साडेतीन हजारांना पडला. पट्टे वेगळे मिळत नसतील तर तो मॉडेल घेऊ नका, कारण एका हंगामात सर्वांत आधी वेल्क्रोच जातो आणि बाकीचा ब्रेस अजून दोन हंगाम चालण्याजोगा असतो.