पूर आला, पण पॉलिसीत पूर नव्हता

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं वह्यापुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. २६ जुलै २००५चं पाणी बघितलेला माणूस मी, विम्याच्या बाबतीत बेफिकीर नव्हतो. शिवाय बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर घेतलेलं कर्ज होतं. मालाचा विमा नसेल तर बँक उभं करत नाही. दर फेब्रुवारीत एजंट यायचा आणि फुल्या मारलेल्या जागी मी सह्या करायचो. २०२१ला म्हणाला, "काका, यंदा हप्ता थोडा खाली आणलाय." मी त्याला वर चहा पाजला.

२२ जुलैला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर शटर उघडेना. वह्यांचे गठ्ठे फुगून आतून रेटत होते. पत्रा कापला तसा लगदा पायावर आला.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बिलं पाहिली, मग पॉलिसीचं दुसरं पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं: एसटीएफआय वगळले. म्हणजे वादळ आणि पूर, दोन्ही बाहेर. जुन्या फायर पॉलिसीत हे संरक्षण असायचंच, पण ग्राहकाने मागितलं तर ते काढून हप्ता कमी करता यायचा. मी मागितलं नव्हतं. पण प्रपोजल फॉर्मवर सही माझीच. आग लागली असती तर पैसे मिळाले असते, वाशिष्ठीच्या काठावर! एजंट म्हणतो, "हप्ता जास्त होतो असं तुम्हीच म्हणाला होतात."

१ एप्रिल २०२१पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही नवी पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेला असतो. माझं नूतनीकरण त्याच्या दोनच महिने आधीचं. नव्या पॉलिसीतही रकमेकडे बघा: माल वीस लाखांचा आणि विमा दहाचा असेल, तर भरपाईही त्या हिशेबाने कापतात.

एवढं होऊनही पुढे गाळा बदलताना पुन्हा फसलो. दलालाने पूररेषेच्या नकाशाची झेरॉक्स दाखवली. "आपला गाळा बाहेर आहे, आणि तशीही रेषा उठणारच आहे." शिक्का नाही, सही नाही. निळी आणि लाल रेषा काळ्या झेरॉक्सवर ओळखायची कशी, हे निदान माझ्या धंद्यातल्या माणसाला तरी सुचायला हवं होतं! टोकन देऊन बसलो.

नंतर सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेत रंगीत नकाशा पाहिला. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची; दोन्हींच्या मधे बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच. गाळा मधल्या पट्ट्यात आणि त्याची फरशी रस्त्याच्या बरोबरीने.

टोकनचे पंचवीस हजार "पुढच्या आठवड्यात" मिळणार आहेत.