पुण्याचा शनिवार, रात्रीचं ऑनलाइन की गावातली बैठक? सोलापूरच्या डेटाबेसवाल्यांसाठी मासिक व्याख्यानांचा तुलनात्मक आढावा

सोलापुरात राहून डेटाबेसचं काम करणाऱ्याला महिन्याला एखादं चांगलं व्याख्यान ऐकायचं असेल तर तीन वाटा आहेत. शनिवारी पहाटे उठून पुणं गाठायचं. रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडून ऑनलाइन बसायचं. नाहीतर गावातल्याच आठ-दहा जणांनी एखाद्या संगणक क्लासच्या खोलीत जमायचं. तिन्हीकडे साधारण तासाभराचं भाषण, एखादं प्रात्यक्षिक आणि शेवटी प्रश्नोत्तरं असतात. प्रवेशही बहुधा फुकट असतो. खरा फरक भाषण संपल्यावर कळतो. आपल्या सर्व्हरबद्दल विचारायला मिळालं का, आणि उत्तर देणाऱ्याला आपली परिस्थिती समजली का, या कसोटीवर मी तिन्हींकडे बघतो. त्यामुळे माझं झुकतं माप गावातल्या बैठकीला आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही.

हे लिहिताना माझ्यासमोर आहे तो नागरी सहकारी बँकेचा, पतसंस्थेचा, साखर कारखान्याचा किंवा मोठ्या हॉस्पिटलचा ईडीपी, म्हणजे संगणक विभाग एकट्यानं सांभाळणारा माणूस. प्रिंटरचा टोनर तोच बदलतो आणि डेटाबेसचा बॅकअपही तोच घेतो. घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचं काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांच्याकडे शेवटी येतो.

पुण्याचा शनिवार

पुण्यात जाणत्या माणसांची वाण नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर उभी असलेली एंटरप्राइझडीबी ही कंपनी तिथं आहे, आणि ऑरेकल किंवा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसांवर पोट असलेली मंडळी हिंजवडीपासून खराडीपर्यंत पसरलेली आहेत. ऑल इंडिया ऑरेकल युजर्स ग्रुपसारख्या संघटनेच्या शहरवार बैठका होतात, शिवाय ‘संगम’ नावाची त्यांची वार्षिक परिषद असते. विषय ताजे असतात आणि बोलणारे रोज त्याच कामात असतात.

अडचण अडीचशे किलोमीटरची. सत्र दहाला सुरू होणार असेल तर हुतात्मा एक्सप्रेस उपयोगाची नाही. ती सकाळी साडेसहाच्या सुमारास निघते आणि पुणे स्टेशनला उतरेपर्यंत साडेदहा होतात. तिथून पुढं खराडी असेल तर मेट्रोनं रामवाडी गाठून अर्धं भाषण तरी पदरात पडतं. हिंजवडी असेल तर तुम्ही थेट जेवणाला पोचता. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी वंदे भारत सहाच्या आसपास सुटते आणि नऊ-सव्वानऊपर्यंत पुण्यात सोडते, पण तिकीट हुतात्माच्या कितीतरी पट. परतीला संध्याकाळी सहाची हुतात्मा ठीक आहे, रात्री दहाला माणूस घरी येतो. महिला सहकाऱ्यांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यांना बस स्वस्त पडते; मात्र बसनं जायचं तर आदल्या रात्रीच निघावं लागतं. आणि सत्र आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ठेवलेलं असेल तर विषय सोडून द्या. रात्रीच्या बसनं परत येऊन सकाळी काउंटर उघडायच्या आत सर्व्हर सुरू करणं हे एकदा जमतं, दर महिन्याला नाही.

म्हणून पुण्याला जायचं ठरवताना आधी ठिकाण विचारावं आणि मग विषय. बैठक एखाद्या कंपनीच्या ऑफिसात असते, गेटवर नाव आधी कळवलेलं लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं. यजमान कंपनी पाच-दहा मिनिटं आपल्याकडच्या रिकाम्या जागांची माहिती देते. नोकरी बदलायची असेल तर पुण्याच्या फेरीचं खरं मोल या मिनिटांत आणि नंतरच्या चहात आहे. बदलायची नसेल तरी इकडचे साहेब तसा संशय घेतातच, त्यामुळे ‘ट्रेनिंगला चाललोय’ असं लेखी कळवून जाणं बरं.

भाषणांबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथले वक्ते ज्या अडचणी सांगतात त्या मोठ्या माणसांच्या असतात. कित्येक टेराबाइटचा डेटा, तीन शहरांत ठेवलेल्या प्रती, क्लाउडचं महिन्याचं बिल. ऐकायला मजा येते, टिपणंही भरपूर होतात. पण आपल्याकडे एका खोलीत एक सर्व्हर, खाली एक यूपीएस आणि मार्चएंडला व्याज आकारणीच्या प्रोसेसला लागणारे पाच तास. हा प्रश्न तिथं विचारला तर वक्ता सहानुभूतीनं म्हणतो, नवं हार्डवेअर घ्या. संचालक मंडळाची पुढची सभा कधी आहे हे त्याला कुठून माहीत असणार?

रात्रीचं ऑनलाइन

जगातले सगळ्यात चांगले वक्ते इथं मिळतात यात वाद नाही. प्रश्न घड्याळाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गटाची संध्याकाळी सहाची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला आणि हिवाळ्यात साडेचारला असते. इंग्लंडमधली साडेसहाची बैठक उन्हाळ्यात रात्री अकराला पडते, हिवाळ्यात बाराला. सोयीची सत्रं तिकडच्या जेवणाच्या सुट्टीतली. न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात तेव्हा इथं साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. यादी बघताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्धी निवड आपोआप होते.

बाकी रेकॉर्डिंग आहेच. रेकॉर्डिंग बघायला माझी ना नाही, पण ते बघायचं तर शेजारी टेस्ट सर्व्हर सुरू ठेवून. पोस्टग्रेस १८ मध्ये आलेलं असिंक्रोनस आय/ओ, म्हणजे डिस्कची वाट बघत न थांबता पुढचं वाचन मागवणं, किंवा कुठली क्वेरी किती वेळ घेते याची नोंद ठेवणारं एसक्यूएल सर्व्हरचं क्वेरी स्टोअर हे विषय नुसते ऐकून समजल्यासारखे वाटतात आणि सोमवारी डोक्यात काही उरत नाही. क्वेरी स्टोअर तर २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. तरी ते चालू करून बघितलंय का असं विचारलं की बहुतेक जण दुसरीकडे बघतात.

ऑनलाइनचा एक फायदा मात्र मनापासून मान्य करतो. चॅटमध्ये प्रश्न टाकताना तुम्ही कोण, कुठल्या बँकेचे, हे कुणाला कळत नाही. याचं महत्त्व गावातल्या बैठकीकडे आल्यावर समजेल.

गावातली बैठक

इथं वक्ता जगप्रसिद्ध नसतो, पुष्कळदा तर तो मागच्या महिन्यातला श्रोताच असतो. भाषण मराठीत होतं, तांत्रिक शब्द इंग्रजीच, आणि मागच्या बाकावर दोघं तेलुगूत आणि एक जण कन्नडमध्ये तेच पुन्हा बोलून घेतात. ‘सर्व्हर लई स्लो चालायलाय’ असं कुणी म्हटलं तर कुणी हसत नाही. पुढचा प्रश्न असतो, ‘सकाळपासनं का दुपारी तीननंतर?’ पुण्याच्या सभागृहात हा प्रश्न मला क्वचितच ऐकू आला. तीननंतर म्हटलं की इथल्या बँकवाल्याला दिवसअखेरचे रिपोर्ट आठवतात.

विषयही तसेच निघतात. गावात कितीतरी छोट्या संस्था एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात. तिची एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा वर्षानुवर्षं होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. जुन्या आवृत्तीवरच्या पतसंस्थेची फाइल भरत आली की नोंदी घेणं अचानक थांबतं, तेही वसुलीच्या दिवशी. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असल्यानं जुनी आर्थिक वर्षं दुसऱ्या डेटाबेसात हलवता येतात, मात्र मग रिपोर्ट दोन्हीकडून काढायचे कसे, हे कुणीतरी करून दाखवावं लागतं. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा एसक्यूएल एजंट नाही, म्हणजे रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावावा लागतो. आणि तो टास्क विंडोजचा पासवर्ड बदलल्यावर मुकाट्यानं बंद पडतो. एवढ्याशा विषयावर जगातला नामांकित वक्ता कशाला बोलेल? आपल्याला मात्र तोच लागतो.

तसाच दुसरा विषय मुदतींचा. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा विस्तारित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, ९ जुलै २०२४ ला संपला, २०१६ चा १४ जुलै २०२६ पर्यंतचा. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. आवृत्ती बदलायची म्हटलं की ॲप्लिकेशन पुरवणारी कंपनी ‘आमचं सॉफ्टवेअर त्यावर टेस्ट केलेलं नाही’ म्हणते. त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणारे आणखी तीन जण खोलीत बसलेले असतात आणि चौघांचं पत्र एकत्र जातं. पुणे किंवा ऑनलाइन, दोन्हीकडे हे शक्य नाही.

रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात बँकांचे चार स्तर पाडले. महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप ऑफलाइन ठेवा, म्हणजे कॉपी झाल्यावर सर्व्हरपासून सुटा होईल अशा साधनावर ठेवा, हे २०१८ पासून सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात बॅकअपची डिस्क वर्षभर सर्व्हरलाच लटकलेली सापडते. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर डेटाबरोबर तीही जाते. आपल्या शाखेत ही डिस्क रोज कोण काढतं आणि कुठल्या कपाटात ठेवतं, यावर गावातल्या बैठकीत तासभर चर्चा होऊ शकते आणि ती फुकट जात नाही.

आता दोष. सगळ्यात मोठा दोष हा की सोलापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. तुम्ही खोलीत ‘आमचा डेटाबेस करप्ट झाला होता’ म्हणालात तर संध्याकाळपर्यंत ते नवी पेठेत पोचेल, आणि बँकेच्या बाबतीत अशी बातमी ठेवीदारांपर्यंत जाणं म्हणजे खेळ नव्हे. त्यामुळे माणसं खरी अडचण सांगत नाहीत, ‘माझ्या एका मित्राकडे असं झालं’ म्हणून सांगतात. यावर उपाय कडक नियमाचा. संस्थेचं नाव घ्यायचं नाही, स्क्रीनवर खरा डेटा उघडायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. प्रात्यक्षिकाला मायक्रोसॉफ्टचा अॅडव्हेंचरवर्क्स हा नमुना डेटाबेस पुरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून ग्राहकाचं नाव आणि मोबाइल नंबर भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवणं ही नुसती गैरसोय राहिलेली नाही. गटात हा नियम पाळला जात नसेल तर तिथं जाऊ नका, ऑनलाइन बरं.

दुसरा दोष सातत्याचा. गाळप सुरू झालं की कारखान्याची मंडळी फेब्रुवारीपर्यंत दिसत नाहीत. वजनकाट्याची नोंद दहा मिनिटं अडकली तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, त्यांना कुठला शनिवार? मार्चमध्ये बँकवाले नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात कुणीच नाही. उरलेल्या महिन्यांत तारीख ठरवायची तर कुणाच्या तरी भागात त्या दिवशी नळाला पाणी यायची पाळी असते. म्हणजे ‘मासिक’ म्हणायचं आणि वर्षाला सात-आठ बैठका झाल्या तर समाधान मानायचं.

टिकण्याबद्दल एक बाहेरचा दाखला उपयोगी आहे. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचे जगभरातले स्थानिक गट १९९९ साली सुरू झालेल्या पास या संघटनेच्या छत्राखाली वाढले. १५ जानेवारी २०२१ ला ती संघटना बंद झाली आणि तिची मालमत्ता रेडगेट कंपनीनं घेतली. तरी अनेक गावांतल्या मासिक बैठका चालूच राहिल्या, कारण खोली मिळवणं, वक्ता गाठणं आणि गुरुवारी सगळ्यांना आठवण करणं ही कामं आधीपासून गावातलाच कुणीतरी करत होता. तेव्हा गट निवडताना पाठीशी कोणती संघटना आहे हे विचारण्यापेक्षा किल्ली कुणाकडे असते ते विचारा. आणि एप्रिल-मेमध्ये खोलीला एसी आहे का, हेसुद्धा. चाळीसच्या वर पारा असताना इंडेक्सवरचं उत्तम भाषणही डोक्यात शिरत नाही.

कुणी काय करावं

ईडीपी एकट्यानं सांभाळणाऱ्यानं गावातली बैठक धरावी आणि तीन-चार महिन्यांतून एकदा, विषय आपल्या कामाचा असेल तर, पुण्याला जावं. बाहेरगावच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्याला ऑनलाइन जास्त फायद्याचं. त्याचे सहकारी, त्याचे प्रश्न आणि त्याची पुढची नोकरी तिकडेच आहे. गावात तो आला तर शिकवायला यावा, त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं. वालचंद, ऑर्किड या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या किंवा विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी मात्र एक-दोनदा तरी पुण्याची फेरी करावी. मुलाखतीत काय विचारतात ते तिथल्या चहाच्या टेबलावर आधीच कळतं.

जवळपास गट नसेल तर तिघांवरही सुरुवात होते. वक्ता शोधत बसू नका. पहिल्या वेळी प्रत्येकानं फक्त एक आकडा घेऊन यायचा: काल रात्रीचा बॅकअप दुसऱ्या रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करायला, म्हणजे त्यातून डेटाबेस परत उभा करायला, किती मिनिटं लागली. त्यात कुणाचं नाव नाही, कुठल्या संस्थेची अब्रू नाही, आणि निदान एकाची तरी फाइल उघडतच नाही, त्यामुळे दुसऱ्या बैठकीचा विषयही तिथंच ठरतो.